सुट्टे

गेल्या महिन्यात आईकडे निघाले होते. कराडच्या स्टँडवर पाटण गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली, पण खिडकीचा पत्रा असा तापलेला की कोपर टेकवायची सोय नव्हती. शेजारच्या बाईंच्या मांडीवर मेथीच्या चार जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, आणि त्या ओल्या मेथीचा वास डिझेलच्या वासात मिसळलेला. गाडी सुटली तशी कंडक्टर पुढून तिकिटं काढत आली. तिशीची असेल. खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात मशीन, खांद्याला पिशवी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आणि २०२५च्या जानेवारीत भाडं वाढल्यापासून एक-दोन रुपयांच्या सुट्ट्यांसाठी फार ओढाताण असते. माझे दोन रुपये परत यायचे होते. ती पिशवीच्या तळाशी बोटं फिरवत नाणं शोधत होती आणि मागची अर्धी गाडी अजून बाकी होती. कशाला तिला थांबवून ठेवायचं, असं वाटलं आणि मी म्हणाले, "राहू द्या हो, दोनच तर रुपये."

तिचा हात थांबला. माझ्याकडे बघून म्हणाली, "नको ताई. जास्त निघाले तरी माझ्याच अंगावर येतं." दोनाचं नाणं सापडलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि ती पुढे सरकली. बोलण्यात राग नव्हता. पावसाळ्यात छत्री घेऊन जा असं सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं.

तेहतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाची मी मुलगी. मला हे कुणी सांगायला लागावं?

पाटण येईपर्यंत ते नाणं मी मुठीतच धरून बसले. घामानं मूठ ओली झाली, तरी पर्समध्ये टाकवेना. कारण अण्णा हेच सांगायचे, फार तर शब्द वेगळे. "कमी निघाले तर खिशाला चाट, जास्त निघाले तर नावाला बट्टा." लहानपणी मला यातला पहिला अर्धाच कळायचा. पैसे कमी भरले तर कंडक्टरच्या पगारातून जातात, हे सरळ आहे. पण जास्त निघाले तर काय बिघडलं? अण्णांनी एकदा जेवता जेवता ताटाकडेला मिठाचे खडे मांडून मला ते समजावलं होतं. ड्यूटीवर चढायच्या आधी प्रत्येक दराच्या तिकिटाच्या गठ्ठ्याचा सुरुवातीचा नंबर वेबिलावर, म्हणजे ड्यूटीच्या हिशोबाच्या कागदावर, लिहायचा. वाटेत ठरल्या ठिकाणी पुन्हा नंबर टाकायचे. स्वतःच्या खिशात घरचे किती पैसे आहेत तेही आधीच लिहून द्यायचं. म्हणजे मधे कुठेही तपासणीस गाडीत चढले तरी तिकिटांच्या नंबरावरून कळतं की पिशवीत किती असायला हवेत. तेवढेच असायला हवेत. तीन रुपये जास्त असतील तर कुणाकडून तरी पैसे घेऊन तिकीट दिलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग तुम्ही शपथा घ्या नाहीतर देवाचा अंगारा लावा. "कागदाला आपला सभाव ठावूक नसतो पोरी," अण्णा म्हणाले होते, आणि मिठाचे खडे गोळा करून परत वाटीत टाकले होते.

शाळेच्या दाखल्यावर अण्णांची जन्मतारीख १ जून १९४७. त्या पिढीत निम्म्या गावाची जन्मतारीख १ जूनच असायची, कारण मास्तरांना शाळेत घालायचं वय जुळवायचं असायचं. पण अण्णांना तिचा अभिमान होता. एसटीची पहिली गाडी पुणे–अहमदनगर धावली ती १ जून १९४८ला. "एसटी माझ्यापेक्षा बरोबर एक वर्षानं धाकटी," असं ते सांगायचे आणि त्या दिवशी आईला शिरा करायला लावायचे. तो शिरा त्यांच्या वाढदिवसाचा की गाडीच्या, हे आम्ही कधी विचारलं नाही. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते वीस वर्षांचे होते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. घर बसलं, गोठा बसला, माणसं वाचली. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. फक्त दरवर्षी त्या तारखेला त्या वेळी उठून अंगणात जाऊन उभे राहत आणि थोड्या वेळानं आत येऊन पुन्हा झोपत. पुढे १९७२चा दुष्काळ पडला, त्या साली एसटीत भरती झाली आणि अंगावर खाकी चढली ती २००५पर्यंत.

माझ्या लहानपणाचा वास म्हणजे त्यांच्या पिशवीचा वास. चामडं, घाम, नाण्यांचा आंबूस वास आणि तिकिटांच्या पातळ कागदाचा. आवाज म्हणजे पंचाचा, तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याचा. गर्दीच्या गाडीत ते सीटच्या नळीवर पंच आपटत पुढे सरकायचे, टिक-टिक, टिक-टिक, आणि झोपलेली माणसं डोळे न उघडता खिशात हात घालायची. पंच दाबून दाबून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा आला होता, हरभऱ्याएवढा. मी त्यांच्याजवळ झोपले की तो घट्टा चाचपत झोपायची. मुक्कामी गाडीची ड्यूटी असली की ते रात्री घरी नसत. डोंगरातल्या कुठल्या तरी गावात गाडी थांबायची, गावातून कुणाकडून तरी भाकरी-कालवण यायचं, देवळाच्या ओवरीत नाहीतर गाडीतच लांबच्या सीटवर झोप. दिवसभराची रोकड उशाला. उशाला म्हणजे खरोखरच उशीसारखी, पट्टा मनगटाला गुंडाळून. पहाटे दुधाचे कॅन आणि शाळेची पोरं भरून गाडी पाटणला यायची. त्या दिवशी अण्णांच्या गालावर पिशवीच्या शिवणीचा वळ असायचा. आई तो बघून म्हणायची, "झोप लागली म्हणायची जरा."

आता त्या वेबिलाची गोष्ट, जी मी बरीच वर्षं मनात धरून ठेवली होती.

सातवी-आठवीत असेन. चित्रकलेच्या एलिमेंट्रीची फी भरायचा शेवटचा दिवस होता. आईनं दिलेल्या पैशांत पाच रुपये कमी होते आणि आई शेतावर गेलेली. अण्णांची गाडी साडेदहाला स्टँडवर लागते हे मला पाठ होतं. मधल्या सुट्टीत पळत गेले. ते गाडीच्या दाराशी उभे होते, खांद्याला पिशवी, पिशवीत नोटा आणि नाणी, मला दिसत होती. धापा टाकत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत्ता नाही देता येत. ड्यूटीवर हाय." मी पिशवीकडे बघितलं. ते म्हणाले, "हे आपलं न्हवं." मग वेबिलाचा कागद उघडून दाखवला, जिथं त्यांनी स्वतःची रोकड लिहिली होती. दोन रुपये. खिशातून ते दोन रुपये काढून दिले असते तरी वेबिल चुकलं असतं आणि मला पाच हवे होते. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला ते काय कळणार? मला एवढंच दिसलं की माझ्या बापाकडे पिशवी भरून पैसे आहेत आणि तो मला पाच रुपये देत नाहीये. माझा चेहरा बघून केबिनच्या खिडकीतून वस्तादांनी मुंडकं बाहेर काढलं. "काय झालं गं बाय?" मी काही बोलायच्या आत त्यांनी शर्टाच्या खिशातून पाचाची नोट काढली. "पळ. गाडी सुटायला तीन मिंटं हाईत, तुजी शाळा सुटायच्या आत पोच."

वस्ताद म्हणजे अण्णांचे ड्रायव्हर. तरुणपणी तालमीत होते, म्हणून हे नाव. मानेवर घडी पडेल असा देह आणि आवाज मात्र मऊ. दोघांची ड्यूटी वर्षानुवर्षं एकत्र लागत आली. ड्रायव्हर-कंडक्टरचं नातं हे बाहेरच्या माणसाला पुरतं कळत नाही. गाडी चालू असताना एकाची पाठ दुसऱ्याकडे. मधे पन्नास माणसं, कोंबड्या, बोचकी. बोलणं सगळं दोरीच्या घंटेवर. एक घंटा, थांब. दोन घंटा, चल. पण अण्णांच्या दोन घंटा रोज सारख्या नसत. गर्दीतून म्हातारी चढत असली की पहिल्या घंटेनंतर थोडं थांबून दुसरी. पोरं टपावर चढून मस्ती करत असली की दोन्ही एकदम, करकचून. वस्ताद त्यावरून ओळखायचे मागे काय चाललंय ते. मला पाच रुपये दिले त्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी ते परत केले. वस्ताद घ्यायला तयार नव्हते. अण्णांनी त्यांच्या खिशात कोंबले. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला राग आला होता तो या गोष्टीचा, की वस्तादांनी मला प्रेमानं दिलेलं अण्णांनी उधारी करून टाकलं.

अण्णांचा शब्द होता 'बरोबर'. यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्याकडे नव्हतं. भाजी बरोबर, पाऊस बरोबर, सुनेनं काढलेली रांगोळी बरोबर. दहावीचा निकाल लागला, १९८९ साली. मला ८१ टक्के पडले होते, शाळेत दुसरी आले होते. मी गुणपत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, खिशातली पेन्सिल काढली आणि एकेका विषयाचे गुण वहीच्या मागच्या पानावर उतरवून बेरीज केली. दोनदा केली. मग मला परत देत म्हणाले, "बेरीज बरोबर हाय."

मी परसात जाऊन रडले. माझ्या पाठीवर हात पडेल असं मला वाटलं होतं. तोंडातून 'शाब्बास' निघेल असं वाटलं होतं. आज मला कळतं की त्या माणसाच्या जगात कागदावरची बेरीज बरोबर असणं यावर घर चालत होतं, झोप लागत होती, मान ताठ राहत होती. त्यांनी मला त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं ते दिलं होतं. हे मी मुलाला समजावून सांगते, मैत्रिणींना सांगते. पण त्या परसातल्या पोरीची समजूत अजून पूर्ण पटलेली नाही, आणि तिला मी गप्प करू शकत नाही. तिचंही खरं आहे. त्या संध्याकाळी वस्तादांनी अख्ख्या स्टँडवर पेढे वाटले होते.

तरीही अण्णा आठवले की डोळ्यांपुढे येतो तो कुंभार्ली घाट.

श्रावण होता. कुटुंबाच्या पासवर आई, मी आणि धाकटा भाऊ चिपळूणला मावशीकडे निघालो होतो आणि त्या दिवशी कराड–चिपळूणवर ड्यूटी अण्णा-वस्तादांचीच होती. वडील ज्या गाडीत कंडक्टर त्या गाडीत बसलं की आमच्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. पास मागायचे, तारीख तपासायचे, पुढे जायचे. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते. हेळवाक सोडून गाडी घाटात शिरली आणि धुकं आलं. आलं म्हणजे वरून खाली असं नाही, दरीतून वर, उकळत्या दुधासारखं. काचेपुढचं बॉनेटसुद्धा दिसेना. वायपर नुसतेच कुरकुरत होते. वस्तादांनी गाडी उभी केली. पुढे एक ट्रक थांबलेला, त्याचा लाल दिवा तेवढा अंधुक. थांबून राहावं तर मागून येणारं कुणी ठोकरेल. अण्णांनी पिशवीचा पट्टा अंगावर आडवा घट्ट केला, तिकिटाची पेटी आईच्या सीटखाली सरकवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शिटी तोंडात धरली आणि टॉर्च घेऊन उतरले. वस्तादांनी खिडकीतून सांगितलं, "मास्तर, तुमी म्होरं चला. मी हाय मागं."

आणि अण्णा गाडीच्या पुढे चालू लागले. मला त्यांची पाठ दिसत होती, प्लास्टिकच्या कोटातली, चिंब. ते पाच-सहा पावलं गेले की धुक्यात विरून जायचे आणि टॉर्चचा एक पिवळा गोळा राहायचा. मग एक लांब शिटी यायची. वस्ताद क्लच सोडायचे आणि गाडी त्या गोळ्याच्या दिशेनं वितभर, हातभर सरकायची. डाव्या हाताला डोंगराचं पाणी खळखळत होतं. उजवीकडे काय होतं ते कुणीच बघत नव्हतं. गाडीत पन्नासेक माणसं आणि एकही बोलत नव्हतं. एक म्हातारा जप करत होता. वस्ताद स्वतःशी पुटपुटत होते, "हां मास्तर, हां मास्तर, दिसतंय, दिसतंय." शिटी दोनदा आखूड वाजली की थांबायचं, लांब वाजली की चालायचं. घंटेचीच भाषा, फक्त ती आता बाहेरून आत येत होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला भीती वाटत नव्हती. तो पिवळा गोळा पुढे आहे तोवर गाडी कुठे पडणार नाही, हे मला जसं माहीत होतं तसं पुढे आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल माहीत असल्यासारखं वाटलं. किती चाललो कुणास ठाऊक. एका वळणाला वारं सुटलं, धुकं फाटलं आणि खाली कोकण हिरवंगार दिसलं. अण्णा चढले. पायांतून पाणी गळत होतं. आईनं पदर पुढे केला तर त्यांनी फक्त हाताची बोटं पुसली, एकेक करून, नीट. "पाय वले चालत्यात," म्हणाले, "बोटं वली चालत नाहीत. तिकीट फाटतं." मग सीटखालून पेटी ओढली आणि जिथं थांबले होते त्या माणसापासून पुन्हा सुरुवात केली. टिक-टिक.

वस्ताद मागं वळून एवढंच म्हणाले, "मास्तर, आज निम्मा घाट तुमी वडला." आणि अण्णा हसले. मोकळं, तोंडभर. घरात ते हसू आम्हाला क्वचित दिसायचं.

३१ मे २००५ला ते निवृत्त झाले. पंच, पेटी, चामडी पिशवी, सगळं रजिस्टरवर सही करून जमा केलं. मी पुण्याहून गेले होते. म्हटलं, "अण्णा, पंच तरी मागून घ्यायचा ना, आठवण म्हणून." त्यांना प्रश्नच कळला नाही. "त्यांचा हाय तो," म्हणाले. २०११च्या जूनअखेर चार आण्याचं नाणं चलनातून गेलं. तेव्हा घरात एका बरणीत साठलेल्या पावल्या होत्या. मुदतीच्या आधी बँकेत जाऊन त्यांनी सगळ्या बदलून आणल्या. त्यातल्याही दोन-चार मला हव्या होत्या. "चालत न्हाई ते नाणं घरात कशाला?" त्यामुळे आज आमच्या घरात हातात धरावी अशी त्या तेहतीस वर्षांची एकही वस्तू नाही. लोकांकडे वडिलांची पेनं असतात, घड्याळं असतात. माझ्या अंगठ्याला तो हरभऱ्याएवढा घट्टा तेवढा आठवतो.

निवृत्तीनंतर दोघं मित्र रोज संध्याकाळी स्टँडवरच्या बाकड्यावर बसायचे. वस्तादांचे गुडघे गेले होते, तरी नातवाच्या गाडीवर मागे बसून यायचे. गाडी आत शिरली की अण्णा मनगटावरचं एचएमटी बघायचे. "पाच पन्नासची. सहा पाच झाले." वस्ताद म्हणायचे, "घाटात ढग असल." एवढाच संवाद, मग अर्धा तास काही नाही, मग चहा. आम्हाला वाटायचं, काय बोलत असतील रोज रोज. आता वाटतं, आयुष्यभर एकमेकांकडे पाठ करून काम केलेल्या दोन माणसांना शेजारी शेजारी बसायला मिळालं होतं, तेच पुरत असेल.

माझ्या मुलासाठी अण्णांचे 'आबा' झाले तेव्हा मात्र मला एक निराळाच माणूस दिसला. तो सहाएक वर्षांचा असताना दिवाळीला आम्ही गावी होतो. ओसरीवर गाडी चालली होती. मुलगा ड्रायव्हर, हातात ताट, ताट म्हणजे स्टेअरिंग. अण्णा कंडक्टर. जुन्या कालनिर्णयच्या पानांची तिकिटं, पैसे म्हणून चिंचोके, पंचाचा आवाज जिभेनं. वस्ताद प्रवासी म्हणून खुर्चीत बसलेले आणि तिकीट काढायला अजिबात तयार नाहीत. "मी फुकट जाणार. ह्यो ड्रायव्हर माझा चेला हाय." तिघं इतके हसत होते की आई आतून ओरडली. मग मुलाची पाळी आली प्रवासी व्हायची. त्यानं मूठभर चिंचोके दिले. अण्णांनी मोजले, तिकीट दिलं आणि म्हणाले, "तुजे दोन राहिले माझ्याकडं."

मुलगा म्हणाला, "राहू दे, आबा."

मी स्वयंपाकघरात करंज्या तळत होते. झारा हातात तसाच राहिला. मला वाटलं, आता मिठाच्या खड्यांचा धडा होणार. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे म्हनलास न्हवं? मग ऱ्हाऊ दे." आणि ते दोन चिंचोके त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात टाकले. वरून थोपटले. माझ्या पोटात काहीतरी हललं, आणि ते निव्वळ आनंदाचं नव्हतं. मला हेवा वाटला. स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाचा. जे या माणसानं कधी कुणाकडून घेतलं नाही, ते त्याच्याकडून किती सहज घेतलं. दुसऱ्या दिवशी शर्ट धुताना चिंचोके मोरीत पडले आणि आईनं ते झाडाखाली भिरकावले. कुणी सांगितलं नाही आणि अण्णांनीही विचारलं नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये वस्ताद गेले. ते दिवस कसे होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांना कुणी जाऊ दिलं नाही. फोनवर मला आवाज नीट येत होता, ते एवढंच म्हणाले, "वस्ताद गेला." मी गावी पोचू शकले ते पावसाळ्यात. तोवर ते एकटेच बाकड्यावर जाऊन बसू लागले होते. त्या संध्याकाळी मीही बरोबर गेले. चहावाल्यानं सवयीनं दोन कप आणले. अण्णा कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहाचं कुणी किती द्यायचं राहिलं, कायबी मोजलं न्हाई गं आमी. इतकी वर्सं. कवा त्यानं दिलं, कवा मी." आणि त्यांचा चेहरा एकदम विस्कटला. ज्या माणसानं पाच रुपये त्याच संध्याकाळी परत कोंबले होते, त्याच्या आयुष्यात एक खातं असंही होतं, जे उघडलंच नव्हतं. मी त्यांना रडताना पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं ते तिथं. मी त्यांचा हात धरला. घट्टा आता मऊ पडला होता.

त्यानंतरची वर्षं ते हळूहळू कमी बोलत गेले. संपाच्या त्या महिन्यांत स्टँडवर एकही गाडी येत नव्हती, तरी वेळेवर जाऊन बसायचे. २०२२च्या ऑगस्टात पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, तेव्हा त्यांना नुकतंच पंच्याहत्तरावं उलटलं होतं. मी त्यांना कराडला डोळे दाखवायला नेलं. कंडक्टरनं आधारकार्ड बघितलं आणि शून्य रुपयाचं तिकीट काढून दिलं. अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "फुकट असलं तरी तिकीट फाडलंच पायजे. बरोबर करतोय पोरगा." मराठीत 'बरोबर' म्हणजे जुळलेलं, आणि 'बरोबर' म्हणजे सोबत. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं, त्यांच्या शेजारी बसून, खिडकीतून कोयनेचं पाणी बघताना.

२०२४च्या डिसेंबरात ते गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, उठले नाहीत. शेवटचं बोलणं वगैरे काही नाही. ताकाची वाटी तोंडाला लावून आईला म्हणाले होते, "मीठ बरोबर हाय." आईनं हे आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं, भांडी घासता घासता.

तर, गेल्या महिन्यात पाटणला उतरले. बाकडं जिथल्या तिथं आहे. त्यावर कुणीतरी कॉलेजची दोन पोरं मोबाइल बघत बसली होती. त्यांच्या शेजारी थोडी जागा होती तिथं टेकले. मुठीतलं नाणं घामानं काळपट झालं होतं. तिकीट काढून बघितलं. वेळ छापलेली असते त्यावर. स्टँडवरचं घड्याळ बघितलं. तोवर आईचा फोन आला.

"लागली का गाडी?"

"लागली. सात मिनिटं उशीर."

ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "कंडक्टर कोण होता?"

"बाई होती. नवी असावी."

"सुट्टे दिले का तिनं?"

"दिले."

"मग ये आता. ताक करून ठेवलंय."